वाइनची यादी न पिणाऱ्यांनीही वाचावी



आज थोडं भांडायला बसले आहे. भांडण वाइनशी नाही. वाइन आमच्या घरात कधी आली नाही, येणारही नाही, तो विषय माझ्यापुरता केव्हाच मिटला आहे. माझं भांडण आहे वाइनच्या यादीशी. इटालियन हॉटेलात बसलं की पाण्याच्या आधी जी जाडजूड वही टेबलावर येते आणि जी आपण विंचू असल्यासारखी दोन बोटांनी पलीकडे सरकवतो, तिच्याशी.

माझं म्हणणं सरळ आहे. ही यादी म्हणजे हिशेबाचा कागद आहे. माल कोणता, कुणी केला, कधीचा, किती आणि केवढ्याला, एवढं त्यावर असायलाच हवं. मुलांच्या आणि नातेवाइकांच्या निमित्ताने अशा बऱ्याच याद्या मी वाचून काढल्या, आणि त्यातल्या बहुतेक माझ्या कॉलेजातल्या अकाउंटन्सीच्या सरांनी लाल शेरा मारून परत केल्या असत्या.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला तरुण मंडळींचा: "काकू, तुम्ही पीतच नाही, तुम्हाला यातलं काय कळणार?" अरे बाबांनो, साखर कारखान्याचं ऑडिट करणारा माणूस ऊस तोडायला जातो का? कागद खरा आहे की नाही हे बघायला माल तोंडात घालावा लागत नाही. उलट ज्याला चवीची ओढ नाही, त्याचीच नजर आकड्यांवर स्थिर राहते. दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा: "श्रावकाच्या घरातल्या बाईने ती यादी हातात तरी का धरावी?" त्याचं उत्तर जरा पुढे देते, कारण त्यासाठी मला आत्याबाईंची गोष्ट सांगावी लागेल.

आधी नावाचं बघू. इटलीची वाइन ही मुळात गावाची, मातीची वस्तू आहे. आपल्याकडे कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, तसं तिकडे बारोलो म्हणजे पिएमोंते प्रांतातला एक ठरावीक टापू. तिथे नेब्बिओलो याच जातीची द्राक्षं वापरायची आणि किमान ३८ महिने मुरवायचं, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात, असा नियम आहे. अशा नियमांसाठी इटलीने १९६३ साली डीओसी नावाची पद्धत कायद्याने आणली. तिच्यावरची आणखी कडक पायरी म्हणजे डीओसीजी. त्या बाटलीच्या मानेवर क्रमांक छापलेली सरकारी कागदी पट्टी चिकटवलेली असते. म्हणजे प्रत्येक बाटलीला पावती क्रमांक! मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

आता आपल्या हॉटेलातली यादी बघा. त्यात नुसतं "कियांटी" लिहिलेलं असतं. कियांटी आणि कियांटी क्लासिको हे दोन वेगळे माल आहेत. क्लासिको म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधला जुना मूळ टापू. त्याच्या हद्दी तिथल्या राजाने, तिसऱ्या कोसिमोने, १७१६ सालीच हुकूम काढून आखून दिल्या होत्या. त्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं. नुसती कियांटी त्याहून कितीतरी मोठ्या प्रदेशातून येते. दोन्हींना एकच नाव देणं म्हणजे देवगडच्या हापूसच्या पेटीवर नुसतं "आंबा" लिहिणं, आणि त्याहून वाईट म्हणजे साध्या आंब्याला हापूसचा भाव लावायची वाट मोकळी ठेवणं.

दुसरी गंमत मोंटेपुल्चानोची. या नावाचं तोस्काना प्रांतात एक गाव आहे आणि याच नावाची एक द्राक्षाची जातही आहे. गावाच्या नावाची जी प्रसिद्ध वाइन आहे, वीनो नोबिले दी मोंटेपुल्चानो, ती मुख्यतः सांजोवेझे नावाच्या दुसऱ्याच द्राक्षाची असते. आणि मोंटेपुल्चानो द्राक्षाची जी वाइन सगळीकडे मिळते ती आब्रुत्सो प्रांतातली, म्हणजे देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची. यादीत नुसतं "मोंटेपुल्चानो" लिहिलं तर गिऱ्हाइकाने काय समजायचं? वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "मॅडम, रेड आहे." एवढं मलाही दिसतं, बाळा.

नावात काय आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी प्रोसेक्को सांगते. ही बुडबुड्यांची वाइन जगभर खपायला लागली तेव्हा इटलीला भीती वाटली की प्रोसेक्को हे द्राक्षाचं नाव धरलं तर उद्या कुठल्याही देशात ते द्राक्ष लावून कुणीही तेच नाव विकेल. म्हणून २००९ साली त्यांनी नियम बदलले. त्रिएस्ते शहराजवळ प्रोसेक्को नावाचं गाव आहे, त्याच्या आधाराने ते नाव फक्त प्रदेशाचं ठरवलं आणि द्राक्षाला ग्लेरा असं नाव दिलं. एका अख्ख्या देशाने एका शब्दासाठी एवढा खटाटोप केला. आणि आपल्या यादीत "प्रोसेक्को" या मथळ्याखाली इतर ठिकाणच्या फसफसणाऱ्या वाइन खुशाल बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

नुसत्या सरकारी शिक्क्यावर विसंबून भागत नाही, हेही इटलीनेच शिकवलं. तोस्कानातली सास्सिकाया नावाची वाइन नियमांच्या चौकटीत बसत नव्हती, म्हणून कित्येक वर्षं "साधी टेबलवरची वाइन" या सर्वांत खालच्या वर्गात विकली गेली, आणि तरी तिला चढा भाव आणि मान मिळाला. उलट २००८ साली ब्रुनेल्लो दी मोंटालचिनो या डीओसीजी वाइनबद्दल चौकशी लागली. नियम असा की त्यात फक्त सांजोवेझे द्राक्ष हवं, आणि संशय असा की काही जणांनी दुसरी द्राक्षं मिसळली. त्याहून भयंकर प्रकार १९८६ सालचा. स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलं गेलं आणि इटलीत वीसहून जास्त माणसं दगावली. हातभट्टीच्या विषारी दारूच्या बातम्या आपण वाचतो, तसलंच हे, फक्त बाटली देखणी.

म्हणून माझी दुसरी कसोटी: बनवणाऱ्याचं नाव आणि द्राक्षं तोडल्याचं वर्ष यादीत हवं. मी गव्हाचं पोतं घेताना दुकान बघते, हंगाम बघते. हजारो रुपयांची बाटली विकणारा माणूस "इटालियन रेड, हाउस सिलेक्शन" एवढं लिहून मोकळा होतो, आणि समोरची शिकलेली माणसं मान डोलावतात. मान का डोलावतात? कारण विचारलं तर आपण अडाणी ठरू अशी भीती. या भीतीवर ही अख्खी वही उभी आहे. जाड कागद, तिरकी अक्षरं, "रानफुलांचा गंध आणि मखमली शेवट" अशी वर्णनं. गंधाला चार ओळी आणि गावाला जागा नाही! ज्या यादीत विशेषणं जास्त आणि नामं कमी, त्या यादीकडे संशयानेच बघावं.

आता आकडे. इथे मला कुणी शिकवायला येऊ नये. बाटली ७५० मिलिलीटरची असते. ग्लास किती मिलिलीटरचा, हे कितीतरी याद्यांमध्ये लिहिलेलंच नसतं. समजा, ग्लास ९०० रुपये आणि बाटली ३६०० रुपये. ग्लास १५० मिलिलीटरचा असेल तर बाटलीत पाच ग्लास, म्हणजे ग्लासाने घेतल्यास ४५०० रुपये. बाटलीपेक्षा २५ टक्के जास्त. तोच ग्लास १२५ मिलिलीटरचा असेल तर सहा ग्लास, म्हणजे ५४०० रुपये. ५० टक्के जास्त. एक आकडा लिहायचा राहिला आणि गिऱ्हाइकाला आपण किती जास्त मोजतो आहोत तेच कळत नाही. पेट्रोल पंपावर लिटर न लिहिता "एक नळी" असं म्हणून कुणी विकलं तर आपण चालवून घेऊ का? खुद्द इटलीतल्या साध्या खाणावळीत घरची वाइन पाव लिटर, अर्धा लिटर अशा मापाने काचेच्या सुरईतून देतात. आपण त्यांचे लाल चौकटीचे टेबलक्लॉथ आणले, गवतात गुंडाळलेल्या बाटल्या शोभेला टांगल्या, आणि माप तेवढं तिकडेच सोडून आलो.

त्यात करांचा घोळ. खाण्यावर जीएसटी लागतो, मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा कर लागतो. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात "कर वेगळे". किती, ते बिल येईपर्यंत गुलदस्त्यात. शिवाय सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे की सेवा शुल्क आपोआप बिलात घालता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तरीही बिल आलं की ती ओळ शोधा. महागड्या बाटलीवर ते टक्के काढले की बाटलीचं बूच उघडण्याची मजुरी माझ्या कामवाल्या मावशींच्या दिवसाच्या पगाराहून जास्त निघते.

आणि हे बिल भरतं कोण? मैत्रिणींनो, हे दुखणं तुमच्यापैकी अनेकींच्या घरी असणार. दहा माणसं जेवली, बिल दहाने भागलं. चौघांनी वाइन घेतली, सहा जणांनी लिंबू सरबत घेतलं. समजा, जेवण १२,००० चं आणि वाइन ८,००० ची. सरसकट भागल्यावर प्रत्येकी २,०००. न पिणाऱ्याचा खरा वाटा १,२००. म्हणजे सहा जणांनी मिळून ४,८०० रुपये दुसऱ्यांच्या ग्लासात ओतले. "एवढ्यातेवढ्यावरून काय बोलायचं" म्हणून आपण गप्प बसतो. पैशाचं मी एक वेळ सोडून देईन, पण ज्याने मद्यत्यागाचा नियम घेतला आहे, त्याच्या कष्टाच्या पैशाने मद्य विकत घेतलं जावं आणि त्याने हसतमुखाने मान हलवावी, हा कसला शिष्टाचार? मद्याचं बिल वेगळं मागा. कर वेगळे आहेत म्हणजे हिशेबही वेगळा होऊ शकतो. त्यात कुणाचाही अपमान नाही.

आता मोठा मुद्दा. "वाइन म्हणजे काही दारू नव्हे." हे वाक्य जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आणि तेव्हापासून घराघरात ऐकते आहे. द्राक्ष बागायतदाराचं भलं होणार, असं त्याला जोडून येतं. बागायतदाराची काळजी मला कुणी सांगू नये, माझं माहेर सांगलीकडचं आहे. अवकाळीने घड फुटलेली बाग मी जवळून पाहिली आहे. पण भावनेला बाजूला ठेवून आकडा मांडू. बऱ्याच इटालियन लाल वाइनमध्ये अल्कोहोलचं प्रमाण १४ टक्के असतं. १५० मिलिलीटरच्या ग्लासात झालं २१ मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलिलीटरच्या छोट्या पेगमध्ये पावणेतेरा-तेरा मिलिलीटर. म्हणजे एक ग्लास वाइन ही दीड पेगहून जास्त. आता म्हणा, दारू नव्हे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. त्यात वाइनला सवलत दिलेली नाही.

हा टक्का बाटलीवर छापलेला असतो. मग यादीत का नसावा? ज्याला प्यायची आहे त्याने प्यावी, तो सज्ञान आहे. पण ११ टक्क्यांची पितो आहे की १५ टक्क्यांची, हे त्याला घरी गाडी चालवत जायच्या आधी कळायला नको? एक आकड्याची जागा लागते. "मखमली शेवट" हे दोन शब्द कमी केले तरी ती जागा होईल.

आता आत्याबाईंची गोष्ट. माझ्या यजमानांच्या आत्या, वय ८४. लहानपणापासून रात्रीभोजनाचा त्याग, कंदमुळं नाहीत, दशलक्षण पर्वात आजही एकाशन. पुतण्याच्या लग्नाचा वाढदिवस पुण्यातल्या एका इटालियन हॉटेलात होता. आत्याबाई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, म्हणून मुद्दाम दुपारचं जेवण ठेवलं. सूनबाईने दोन दिवस आधी फोन करून सांगितलं होतं: एक ताट जैन, कांदा-लसूण-बटाटा नाही, अंडं नाही, दारूचा थेंब नाही. "हो मॅडम, नोट केलंय." ताटात केशर घातलेला रिसोट्टो आला. आत्याबाईंनी तीन-चार घास घेतले, "भात मऊ आहे गं, माझ्या दातांना बरा" म्हणाल्या. मग मॅनेजर विचारपूस करायला आला आणि कौतुकाने सांगू लागला की हा भात आम्ही उत्तम व्हाइट वाइनमध्ये परततो, म्हणून अशी चव येते.

सूनबाईचा चेहरा पांढराफटक. तिने जाब विचारला तेव्हा तो मनापासून गोंधळून म्हणाला, "मॅडम, दारू नाहीच त्यात. ती कुकिंग वाइन आहे. आणि शिजताना उडूनच जाते."

बघा, ते वाक्य फिरून कुठे आलं. वाइन म्हणजे दारू नव्हे! पुढाऱ्याच्या तोंडात ते वाक्य धोरण असतं, स्वयंपाकघरात आलं की एका म्हातारीचा नियम मोडतं. आणि "उडून जाते" हेही अर्धसत्य. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थ शिजवल्यावर किती अल्कोहोल उरतं याचा तक्ता केला आहे. मिसळून १५ मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के उरतं, अर्ध्या तासाने ३५ टक्के. रिसोट्टो शिजतो वीस मिनिटांत.

आत्याबाईंनी चमचा खाली ठेवला. कुणावर चिडल्या नाहीत. हात जोडून नवकार म्हटला, पाण्याने चूळ भरली आणि म्हणाल्या, "त्या पोराला माहीतच नव्हतं, त्याला बोलू नका." दुसऱ्या दिवशी निर्जळ उपवास केला. ८४ व्या वर्षी, मधुमेह असताना. त्या दिवशी रात्रभर सूनबाई त्यांच्या खोलीत बसून होती, साखर उतरेल म्हणून. आत्याबाईंनी क्षमा केली, तो त्यांचा धर्म. मी प्रश्न विचारते आहे, तो माझा.

म्हणून आपल्या मंडळींना माझं उत्तर हे. यादीकडे पाठ फिरवली म्हणून वाइन आपल्या ताटापासून दूर राहत नाही. इटालियन स्वयंपाकात ती पाण्यासारखी वापरली जाते. रिसोट्टोत व्हाइट वाइन, टोमॅटोच्या काही रश्शांत रेड, आणि तिरामिसूमध्ये अंड्याच्या जोडीला पुष्कळ ठिकाणी मार्साला नावाची सिसिलीची कडक वाइन किंवा रम. आणि विषय निघालाच आहे तर चीजही ऐकून ठेवा. खरं पार्मिजानो रेज्जानो हे वासराच्या पोटातल्या रेनेटनेच केलं पाहिजे असा तिथला नियम आहे. "प्युअर व्हेज पास्ता" वर ते पांढरं भुरभुरलं की झालं. आपल्याकडे मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग श्रावकाच्या अगदी पहिल्या पायरीवर सांगितला आहे. पहिल्याच पायरीवर पाय घसरू नये म्हणून डोळे उघडे ठेवायचे, की मिटून घ्यायचे?

जे शाकाहारी लोक वाइन घेतात, त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगते. आमच्या सोसायटीत अशी मुलं आहेत, अंडं खात नाहीत, वाइन घेतात. वाइन नितळ करण्यासाठी पूर्वापार अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. काही जण बेंटोनाइट नावाची माती वापरतात, ती शाकाहारी. कुठल्या बाटलीत काय वापरलं हे यादीवरून कळत नाही. युरोपात वाइनमध्ये अंड्याचा किंवा दुधाचा अंश उरला असेल तर बाटलीवर लिहावं लागतं, आणि डिसेंबर २०१४ पासून तिथल्या हॉटेलांनाही ज्यांची ॲलर्जी येते असे १४ प्रकारचे पदार्थ कुठल्या डिशमध्ये आहेत ते गिऱ्हाइकाला कळवावं लागतं. म्हणजे ज्या देशाचं नाव पाटीवर लावून धंदा चालतो, त्या देशात गिऱ्हाइकाला विचारायचा हक्क आहे. आपल्याकडे वीस रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका लागतो आणि पाच हजारांच्या बाटलीची माहिती विचारली की वाढपी मालकाकडे बघतो.

हॉटेलवाले म्हणतील, एवढं सगळं लिहिलं तर यादी रुक्ष होईल, लोक आनंदाला येतात, हिशेबाला नाही. मला मान्य आहे की लोक आनंदाला येतात. पण आनंद फसवणुकीवर उभा असेल तर तो बिल येईपर्यंतच टिकतो. आणि मी मागते तरी काय? प्रत्येक वाइनपुढे एक ओळ: बनवणारा, गाव, द्राक्ष, वर्ष, अल्कोहोलचा टक्का, ग्लासाचं माप, करासकट किंमत. दीडशे बाटल्यांची पोकळ यादी करण्यापेक्षा वीस बाटल्यांची खरी करा. वीस नीट निवडायला अक्कल लागते, दीडशे छापायला फक्त पुठ्ठा लागतो. मालाचा साठा अंगावर पडून राहणार नाही, हा फायदा वेगळाच. कॉमर्सवाल्यांना तो सांगायला नको.

आणि यादीच्या शेवटी, जिथे "इतर पेये" असं लिहून सोडा, कोला आणि डब्यातला रस कोंबलेला असतो, तिथे जरा माणुसकी दाखवा. न पिणारं गिऱ्हाईक म्हणजे कंजूष गिऱ्हाईक, असं धरून चाललेलं असतं. द्राक्षाचा ताजा रस द्या. आमच्या तासगावकडची काळी द्राक्षं हंगामात काय चवीची असतात! कोकम द्या, आवळा द्या, त्यासाठी तोच सुंदर ग्लास द्या. ज्याच्या हातात लिंबू सरबत आहे त्याच्याकडे वाढपी दुसऱ्यांदा फिरकतसुद्धा नाही, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता माझी मीच जग उचलून घेते.

सगळ्यात महत्त्वाचं: ज्या पदार्थात वाइन पडते, त्या पदार्थापुढे ग्लासाचं एक छोटं चिन्ह छापा. तिखटाला मिरची छापता ना? मग वाइनला ग्लास छापायला काय हरकत आहे? हे फक्त आपल्यासाठी नाही. त्याच टेबलावर मुसलमान पाहुणा असेल, गरोदर मुलगी असेल, मोठ्या कष्टाने दारू सोडलेला कुणाचा तरी भाऊ असेल. त्या भावासाठी तो एक घास म्हणजे काय असतं, हे ज्या घराने भोगलं आहे त्यालाच ठाऊक.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी ती वही आली की सरकवू नका. चष्मा लावा, उघडा आणि वाढणाऱ्या मुलाला गोड आवाजात तीन प्रश्न विचारा: ग्लास किती मिलिलीटरचा? कर धरून किती? आणि यातली कुठली वाइन तुमच्या स्वयंपाकघरात वापरता, कुठल्या पदार्थात? पहिल्या दोनांची उत्तरं पिणाऱ्यांच्या कामाची आहेत, त्यांना ऐकू द्या. तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत ताटाला हात लावू नका.